फाटकापाशी चार बाटल्या

“पाण्याने भरलेली बाटली दिसली की कुत्रं फिरकत नाही,” असं मला ऐकवत सोसायटीचे अध्यक्ष पेंडूरकर फाटकापाशी चौथी बाटली ठेवत होते. म्हणे इंजिनिअर! तांबू कुत्रीसाठी मी ठेवलेलं पाण्याचं भांडं त्यांनी भर मे महिन्यात कचऱ्यात टाकलं होतं.

ते घरी गेल्यावर मी चारही बाटल्या टोपात ओतल्या. तांबू आणि मागोमाग दोन मांजरं तळ दिसेपर्यंत प्यायली.

संध्याकाळी पेंडूरकर ओरडले, “बाटल्या रिकाम्या! आणि ही कुत्री अजून इथेच?”

“उन्हाने पाणी आटलं असेल,” मी म्हणाले. “रिकाम्या बाटलीला ती कशाला घाबरेल? रोज भरत चला.”

पटलं की! तेव्हापासून हा शहाणा रोज स्वतःच्या हाताने बाटल्या भरतो. याला पाहिलं की तांबू दुरूनच शेपूट हलवते.