पाण्यातला कॉलिन

एस्तर झोपली आहे, तोवर लिहून टाकते.

कॅनडात ग्वेल्फजवळच्या एका नदीवर आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. माझा नवरा कॉलिन गळाच्या दोरीला पिसांची खोटी माशी बांधून, गुडघाभर संथ पाण्यात पाठमोरा उभा होता. ट्राउट मासा हवा होता त्याला. मी काठावर एस्तरला पाजत होते.

"वर धरण आहे रे. कधीही पाणी सोडतात म्हणे."

"रिलॅक्स, लिनेट! वसईच्या माणसाला पाणी शिकवतेस? ओहोटी आहे गं."

नदीला कसली ओहोटी!

एस्तर दूध सोडून पाण्याकडे बघायला लागली. मीही बघितलं. कॉलिन पाठमोराच होता, पण पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब आमच्याकडे तोंड करून उभं होतं. त्या प्रतिबिंबाच्या हातात गळ नव्हता. ते मला हातानं खुणावत होतं, त्याला बोलाव म्हणून.

"कॉलिन, बाहेर ये! आत्ताच्या आत्ता!"

तो कुरकुरत काठावर आला, आणि मागे पाणी भसाभस चढलं. तो उभा होता ती जागा दिसेनाशी झाली.

त्यानं आम्हा दोघींना घट्ट जवळ घेतलं. त्याच्या खांद्यावरून मी पाहिलं.

एवढ्या ओढीत पाण्यातला कॉलिन जागचा हलला नव्हता. एस्तरकडे डोळे भरून बघत होता, जणू त्याला वेळेत कुणी हाक मारलीच नव्हती.