पेपरातला नवरदेव

"तीन वाक्यांत सांगायचं. बातमीत आहे तेवढंच. पदरचं काही घालायचं नाही," बाई म्हणाल्या.

शिंपीणबाई उठल्या. पुलाची बातमी त्यांनी बोट ठेवून, थांबत थांबत वाचली आणि पेपर मिटला. "पूल बांधायला काढला. तो राहिला. आता चौकशी बांधायला काढलीय."

वर्ग हसला. बाईही हसल्या, मग हसू आवरून म्हणाल्या, "शेवटचं तुमच्या पदरचं."

"छे हो, बातमीतच आहे. मी फक्त उसवून दाखवलं."

हा मोठ्या माणसांचा वर्ग. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दुपारी भरायचा. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे छातीशी. बाई वर्गात सगळ्यांत लहान. पहिल्या बाकावर सुतारकाका बसायचे. रोज पेपर वाचून दाखवणारी बायको गेली, म्हणून सहासष्टाव्या वर्षी ते अक्षरं शिकायला आले होते. अक्षरं आली. पेपर मात्र त्यांना पटेना. एक सोडून तीन पेपर बदलून पाहिले. "पूर्वी काय एकेक बातम्या यायच्या! आता नुसत्या बैठका," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

मागच्या आठवड्यात त्यांनी वर्गाला नमुना म्हणून एक जुनी बातमी ऐकवली होती. भर लग्नात नवरदेव उठला, एका वाजवणाऱ्याच्या हातातला ट्रंपेट घेतला आणि बँडबरोबर वाजवत वाजवत निघून गेला.

"असली बातमी कुठं छापतात होय?" मागच्या बाकावरून ट्रकड्रायव्हर म्हणाला होता. "काकूंनी शेंडी लावली तुम्हाला."

सुतारकाकांना ते फार लागलं होतं. "ती खोटं बोलणारी बाई नव्हती. पेपरच आणतो, मग बोल."

आज त्यांनी तो आणला होता. कपाटाच्या वरच्या फळीवर बायकोनेच अंथरलेला, कडांना पिवळा पडलेला. घरी वाचला नव्हता. तोंडपाठ असलेली बातमी वाचायची कशाला?

ते उठले. पान वर्गाकडे करून त्यांनी आधी फोटो दाखवला. बँडवाल्यांची रांग. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, एकटा बोडका.

"हा नवरदेव. तिनं बोट ठेवून दाखवला होता मला."

"वाचा, वाचा," ड्रायव्हर म्हणाला.

काकांनी चष्मा नीट बसवला. "अग्निशामक दलाच्या... बँडला... नवे गणवेश." ते थांबले. पुढे गेले. "समितीच्या बैठकीत... मंजुरी. चोवीस टोप्या... मागवल्या असता... तेवीसच आल्या. त्यामुळे एका वादकाला... टोपीविना... उभे राहावे लागले."

बातमी संपली. काकांनी बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं आणि फळीत कुठं चीर आहे का बघावं तसं सावकाश खाली आणलं. नवरदेव नव्हता. त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला एका बकरीने कोर्टात साक्ष दिल्याची बातमी होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. तिथं सिमेंटची जाहिरात होती.

कुणी हसलं नाही. शिंपीणबाईंनी मागे वळून ड्रायव्हरकडे असं बघितलं, की त्याने बाहेर आलेले दात आत घेतले.

"काका, सारांश उद्या सांगितला तरी चालेल," बाई हळूच म्हणाल्या.

"नको. सांगतो की." काकांनी घसा साफ केला. "बँडवाल्यांना नवे कपडे मिळाले. एक टोपी कमी पडली." मग त्यांनी फोटोतल्या बोडक्यावर बोट ठेवलं. "नवरदेव बातमीत नाही."

ते बसायला वाकले.

"काका," ड्रायव्हर म्हणाला. जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. "त्या नवरदेवाचं पुढं काय झालं?"

"आता काय विचारतोस बाबा? खोटा निघाला ना तो."

"असू द्या हो खोटा. मी घरी सांगून बसलोय. आठ दिवस झाले, बायको रोज विचारतेय, पुढं काय, पुढं काय. जेवू देत नाही धड."

काका तसेच अर्धवट वाकलेले राहिले. मग सरळ झाले.

"दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं होतं," ते म्हणाले. "नवरी तरातरा त्याच्या मागं गेली. म्हणाली, मला सोडून वाजवतोस होय? आणि एकाच्या हातातल्या झांजा हिसकावून घेतल्या. वाजवता येत होतं कुणाला! पण हटली नाही."

"मग?"

"मग काय, दोघं गावोगाव. तिच्या झांजा कायम एक ठोका पुढं, म्हणून भांडणं. भांडत भांडत वाजवायची. आठवडाभर येत होतं त्यांचं काही ना काही. मी लाकूड तासता तासता विचारायचो, आज काय आलंय गं त्या दोघांचं?"

"आणि रोज यायचं?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"रोज." काकांनी पानाची घडी घालायला घेतली. "पेपर उघडला की ती जरा वेळ नुसती बघत बसायची. मला वाटायचं, बातमी शोधतेय."