चंद्र कुठे बघायचा

हॉस्टेलवर मैत्रिणी विचारायच्या, "खगोलशास्त्र शिकतेस आणि रोजेही धरतेस?" गावी शेजारी विचारायचे, "रोजे धरतेस, मग तारे कशाला बघत बसतेस?" मी दोन्हीकडे दोन्ही करत राहायचे.

यंदा रमजान संपत आला, त्या संध्याकाळी समुद्रावर तुटक ढग होते. बंदरावर जमलेल्या गावाला ईदचा चंद्र काही दिसेना, म्हणून मी माझी दुर्बीण लावली.

"यंत्राची साक्ष चालायची नाही," एक चाचा म्हणाले.

"चंद्र अल्लाचाच आहे, चाचा. कुठे बघायचं, तेवढं मी शिकलेय."

मौलवींनी दुर्बिणीतून पाहिलं. मग त्याच जागी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं आणि हात उंचावले. "दिसला! उद्या ईद!"

एकच जल्लोष झाला. दुर्बिणीपुढे रांग लागली आणि माझे अब्बा ऐटीत ओरडू लागले, "एकेकाने या, एकेकाने! लेकीची दुर्बीण आहे!"