नवसाची पाटी

“हे आत नेता येणार नाही, बाई,” कॅसिनोच्या दाराशी लोकांचे कोट सांभाळणारी ज्योर्जेट म्हणाली. “काय आहे त्यात?”

डेल्फिनाने वर्तमानपत्राचा कागद थोडा बाजूला केला. आत ताटाएवढी लाकडी पाटी होती. पाटीवर कोबीच्या गड्ड्यासारखं दिसणारं ऑलिव्हचं झाड, झाडावरून खाली डोकं वर पाय होऊन पडणारा म्हातारा, आणि ढगातून दोन्ही हात पुढे केलेली मरियामाता.

“लागेतोच्या देवळात लावायची आहे. नवऱ्याचा नवस. सप्टेंबरात शेंड्यावरून पडला, पण हाडसुद्धा मोडलं नाही. पाटी त्यानंच रंगवली.”

“ते दिसतंच आहे,” ज्योर्जेट म्हणाली. “पण लागेतो वर डोंगरात. तुम्ही इथे काय करताय?”

“गावच्या फादरांनी आणलेली आमची यात्रेची बस अडीचला निघेल तिकडे. आता मोंटे कार्लोपर्यंत येऊन नुसतं दार बघून गेले, तर गावात हसतील मला. दहाच मिनिटं जाते.”

“दहा मिनिटं म्हणणाऱ्यांचेच कोट माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ लटकतात.”

“तुम्ही नाही का खेळत कधी?”

“मी इथलीच, मोनॅकोची. आम्हाला खेळायला कायद्यानं बंदी. आम्ही वाढायचं, जेवायचं तुम्ही.”

डेल्फिना हसली खरी, पण पाटी हातातून सुटेना. “तोंड भिंतीकडे करून ठेवाल?” तिने हळूच विचारलं. मरियामातेने आपल्याला आत जाताना पाहू नये, एवढी लाज तिच्यात अजून शिल्लक होती.

तिच्या नवऱ्याला, आंपेलियोला, घाटातल्या वळणांवर उलट्या व्हायच्या, म्हणून तो आला नव्हता. दोन महिने त्याने शिडीला हात लावला नव्हता. झाडाखाली गेला तरी पाय लटपटायचे. आधी पाटी देवीपाशी जाऊ दे, मग झाडावर चढतो, एवढंच धरून बसला होता. इकडे ऑलिव्ह काळे पडून गळायला लागले होते आणि शेजारी टोमणे मारत होते. आज सकाळी डेल्फिनाला बसपर्यंत सोडायला आला तेव्हा पाटी तिच्या मांडीवर त्याने स्वतःच्या हाताने ठेवली आणि म्हणाला, “लावलीस की लगेच फोन कर.”

आत डेल्फिना हरली असती तर वेळेवर सुटली असती. पण ती जिंकायला लागली. गोळी रूलेटच्या चक्रावर गरगरायची आणि तिने सांगितलेल्या आकड्यापाशीच येऊन बसायची. शेजारचा गोरापान म्हातारा तिच्याकडे कौतुकाने बघायला लागला. अडुसष्ट वर्षांत असं तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता उठू, हा डाव झाला की उठू, असं म्हणता म्हणता सव्वातीन वाजले.

ती धावतपळत बाहेर आली.

“तुमचे फादर येऊन गेले,” ज्योर्जेटने सांगितलं. “तुम्हाला विचारत होते. मी म्हटलं, त्या आत आहेत. ‘आत?’ म्हणाले, आणि गेले. वीस मिनिटं बस थांबवली होती म्हणे.”

डेल्फिनाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. देवाच्या कामाला निघालेली बाई, आणि फादरना कुठे सापडली, तर इथे.

“टॅक्सी करा,” ज्योर्जेट जरा मऊ होऊन म्हणाली. “अर्ध्या तासात वर पोचाल. देऊळ उघडं असेल.”

ज्योर्जेट पाटी भिंतीकडून वळवून काउंटरवर ठेवत होती, तेवढ्यात डेल्फिनाचा फोन वाजला. घरचा नंबर होता.

“अगं, लावलीस का?” आंपेलियो विचारत होता. “तीन वाजून गेले. मला दम निघेना.”

डेल्फिनाने पाटीकडे पाहिलं. अर्ध्या तासात तर लागणारच होती. मग आत्ताच हो म्हटलं तर कुठे बिघडलं? आणि नाही म्हणायचं तर, कुठे होते, काय करत होते, सगळंच सांगावं लागलं असतं.

“लावली,” ती म्हणाली.

“जागा बरी मिळाली?”

“बरी आहे. माणसांची ये-जा असते.”

ज्योर्जेटने मान खाली घातली आणि उगाच कोटांचे बिल्ले सारखे करत राहिली.

“मला वाटलंच,” आंपेलियो म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. “खरं सांगू? आत्ता थोड्या वेळापूर्वी पाय एकदम थांबले लटपटायचे. म्हटलं, पोचली पाटी. शिडी लावूनच ठेवलीय मी. उजेड आहे तोवर शेंडा झोडून घेतो.”

“आज नको. मी आल्यावर चढ.”

“तू येऊन काय, खाली झोळी धरणार आहेस? देवीनं धरलंय आता. तू सावकाश ये.”

“आंपेलियो, ऐक—”

त्याने फोन ठेवला होता.

तिने परत लावला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजत राहिला. तिने बंद केला, पुन्हा लावला. ज्योर्जेट कोट उघडून धरून उभी होती, पण डेल्फिनाला बाहीत हात घालायचं भान नव्हतं. फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून, पलीकडे नुसती घंटा वाजत असताना, ती बोलायला लागली.

“नाही लावली रे. अजून नाही लावली. खाली उतर.”