ब्याण्णव

बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल होतं, रक्तातली साखर मोजण्याचं. सरांनी दिलेल्या नळीवर 'नॉर्मल, उपाशीपोटी' अशी चिठ्ठी होती, आणि एकोणचाळीस जणांचं उत्तर ब्याण्णव आलं. सीनियरांच्या जर्नलांतही ब्याण्णवच होतं, त्यामुळे मोजण्यात वेळ गेला नाही. चाळिसावीने मात्र खरंच मोजलं. तिचं आलं तीनशे बारा.

"अगं, हे रक्त आहे की सरबत?" घटाघटा पाणी पीत सर म्हणाले. वर्ग हसला.

"सर, तीनदा केलं. तीनदा तेवढंच आलं."

"म्हणजे तीनदा चुकलीस. एवढे सगळे वेडे आणि तू एकटी शहाणी? दुरुस्त कर, नाहीतर जर्नलवर सही नाही. आणि सही नाही तर परीक्षेला बसणं नाही."

तिने तीनशे बारावर काट मारून ब्याण्णव लिहिलं. विज्ञान पुन्हा रुळावर आलं. सरांनी दहापैकी दहा देऊन सही ठोकली.

"पण सर, रक्त कुणाचं होतं?"

"माझंच. दरवर्षी माझंच वापरतो, एकदम नॉर्मल." सरांनी रिकामी बाटली तिच्या हातात दिली. "जाताजाता एवढी भरून आण. सकाळपासूनची चौथी, तरी मेला घसा कोरडाच."