रिकामे कॉम्प्युटर

चतुराबाईंनी ‘च’ दाबला आणि वाट पाहिली. पडदा कोराच. पुन्हा दाबला. काही नाही. मग जरा जोरात दाबला, तर एकदम तीन ‘च’ येऊन उभे राहिले.

“घ्या! चचचतुराबाई झाले मी,” त्या म्हणाल्या. शेजारच्या बायका खो-खो हसल्या. त्याही हसल्या, पण कान लाल झाले होते.

अंजली हसली नाही. ती त्यांच्या खुर्चीमागेच उभी होती. तो कॉम्प्युटर का अडखळतोय, हे त्या अख्ख्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं.

अंजली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजातल्या पोरापोरींचा एक गट होता. कंपन्यांनी भंगारात काढलेले कॉम्प्युटर आणायचे, दुरुस्त करायचे आणि संत तुकाराम नगरच्या समाजमंदिरात संध्याकाळी फुकट शिकवायचं, हे त्यांचं एक काम. दुसरं काम त्याहून भारी! कॉम्प्युटर रिकामे असले की ते इंटरनेटवरून नव्या औषधांच्या संशोधनासाठी आकडेमोड करत बसायचे. कुणी येऊन नुसती कळ दाबली, की आकडेमोड आपोआप थांबायची. माणूस आधी, विज्ञान नंतर. गटाने तसं ठरवूनच टाकलं होतं.

पण यंदा कॉलेजाकॉलेजांत स्पर्धा लागली. शुक्रवारपर्यंत सगळ्यात जास्त आकडेमोड कुणाची? अंजलीचा गट दुसरा होता, आणि पहिला नंबर अगदी हाताशी दिसत होता. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने प्रत्येक कॉम्प्युटरवरची ती आपोआप थांबायची सोय बंद केली. आता समोर माणूस बसो नाहीतर उठो, आकडेमोड चालूच. मशीनचा सगळा जीव तिकडे. समोरच्याला उरलंसुरलं.

“अंजे, आपण पहिले! काय जादू केलीस भावा?” गटाचा प्रमुख संघर्ष फोनवर नाचतच होता.

“जादू कसली? मेहनत,” अंजली म्हणाली. त्या दिवशी तिला स्वतःचा फार अभिमान वाटला.

चतुराबाई चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. दिवसभर उभं राहून गुडघे गेले होते. तिथल्या स्टोअरमध्ये बसून करायचं काम निघालं होतं, आलेल्या मालाची नोंद कॉम्प्युटरवर टाकायची. शनिवारी त्याची परीक्षा. जमलं तर खुर्ची. नाही जमलं तर पुन्हा तीच लाइन, तेच गुडघे.

बुधवारी वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. बॅग पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

“पोरी, एक खरं सांग. वाईट नाही वाटून घेणार. मशीन स्लो हाय, का माझं डोकं?”

अंजलीने पडद्याकडे पाहिलं. स्पर्धेचे दोनच दिवस राहिलेत, तिच्या मनात आलं.

“मशीन ठीक आहे, मावशी. तुम्हाला सवय नाही ना, म्हणून होतं असं.”

चतुराबाईंनी मान हलवली. “तेच म्हटलं मी,” त्या हळूच म्हणाल्या.

गुरुवारी त्या आल्या नाहीत. शुक्रवारीही नाही.

शुक्रवारी निकाल लागला. पहिला नंबर! संघर्षने समाजमंदिराच्या दारावर फ्लेक्स लावला, त्यात अंजलीचा फोटो सगळ्यात मोठा. बाहेर पोरं ओरडत होती. आत अंजली एकेका कॉम्प्युटरवर बसून बंद केलेली सोय परत चालू करत होती. चतुराबाईंच्या मशीनवर तिने ‘च’ दाबला. बोट उचलायच्या आत तो पडद्यावर उमटला.

शनिवारी सकाळी ती धावत चतुराबाईंच्या घरी गेली. त्या कंपनीचा ड्रेस घालून उंबऱ्यात बुटाची नाडी बांधत होत्या.

“अगं ये की! फोटो बघितला तुझा. पयला नंबर! थांब, तोंड गोड करते.” त्या भिंतीला धरून उठल्या, आत गेल्या आणि तिच्या तळहातावर चमचाभर साखर ठेवली.

“मावशी, आज परीक्षा आहे ना?”

“माझं नाव काढायला सांगितलं साहेबांना. कशाला उगाच सगळ्यांपुढं हसं? आमच्या लाइनवरची मोनिका बसणारे आता. तरणी पोरगी, झटझट करते.”

“नाही! आत्ता जाऊन सांगा त्यांना, बसते म्हणून. चूक माझी आहे,” अंजली घाईघाईने म्हणाली. “त्या स्पर्धेसाठी मीच कॉम्प्युटर दुसऱ्या कामाला जुंपले होते. म्हणून तुमचं मशीन स्लो झालं. तुमचं डोकं नाही, मशीनच स्लो होतं. बुधवारी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले!”

चतुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले. आता शिव्या देतील, अंजलीला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. चतुराबाईंनी डबा उचलला, आणि जाता जाता अंजलीच्या गालावरून हात फिरवला.

“बुधवारी न्हाई गं बाळा,” त्या म्हणाल्या, “खोटं तू आत्ता बोलतीयेस. माझ्यासाठी.”