सप्त्याचं पीठ

तातेरावांनी रुमालातली पोळी पुढं केली. "वहिनी, खाऊन बघा."

गिरिजाबाईंनी तुकडा दाताखाली धरला अन् तिथंच थुंकला.

"कचकच."

"सगळं पीठ तसंच हाय." तातेराव गिरणीच्या पायरीवर बसले. गावच्या हरिनाम सप्त्याचा कारभार त्यांच्याकडं. "दुपारी काल्याचं जेवण. अख्खं वाटूर पंगतीला येणार."

सासूच्या काळापासून सप्त्याचं पीठ गिरिजाबाईंच्या गिरणीतून फुकट जायचं. यंदा नव्या चक्कीवाल्या राजानंदनं ही पीठसेवा मागून घेतली. वर मंडपाच्या तोंडाशी स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स लावला.

"काल चक्कीच्या दगडाला टाकीनं टोचे मारले असतील त्यानं," गिरिजाबाई म्हणाल्या. "टाकी लावली की दगडाची कच पिठात उतरती, पहिलं पायलीभर दळण उकिरड्यावर टाकायचं असतं. ह्यानं पायली वाचवली अन् गावाला खडी वाढली."

तातेरावांनी पोळी रुमालात परत गुंडाळली. मंग हळूच म्हणाले, "दुसरा गहू आणलाय. दळणाचे पैसे देऊ."

"घ्याच, आत्याबाई," आतून सून अंतरा बाहेर आली. "दिवसाला चार डबे येऊन राह्यले. संध्याकाळी परतूरचा माणूस मोटर बघायला येणार. इकायचीच हाय, तर आता कशाला कोणाला फुकट?"

"गप." गिरिजाबाई खांबाला धरून उठल्या. गुडघा वाजला. "पैसे घेतले तर ते तुमचं दळण झालं, तातेराव. फुकट दिलं तर पंगतीत पोळी माझी. पुण्यबिण्य मला कळत न्हाई. सप्त्याची पोळी जिला मऊ लागली, तिचा डबा वर्षभर माझ्या दारात यायचा. सासूनं गिरणी अशीच चालवली."

तातेराव मान खाली घालून उभे राहिले. "एक हाय, वहिनी. फ्लेक्स लागलाय. माइकवर नाव त्याचंच घेतील पोरं."

"घेऊ द्या. पोती उतरवा."

पट्टा फिरायला लागला. अंतरा वर गहू ओतत होती. खाली गिरिजाबाई चिमूट चिमूट पीठ बोटात चोळून बघत होत्या. मंडपातून माणसं यायची, भरलेलं पोतं गरम गरमच उचलून न्यायची. दोनदा गिरिजाबाई पोत्यावर टेकल्या, डोळे मिटले. हात मात्र पिठाच्या धारेखालीच राहिला.

शेवटचं पोतं गेलं, अन् थोड्या वेळानं मंडपातला माइक खरखरला. "आजची पीठसेवा, आपले राजानंदभाऊ!"

अंतरानं रागानं मोटर बंद केली. कान सुन्न झाले. तिनं पाण्याचा तांब्या आणला.

"आत्याबाई, भुवया, केस, सगळं पांढरं झालंय. तोंड तरी धुऊन जा पंगतीला."

गिरिजाबाईंनी दोन घोट पाणी पिलं अन् तांब्या तिच्या हातात परत दिला.

"अन् परतूरचा माणूस?"

"आला तर बसव."

पदरसुद्धा न झटकता त्या मंडपाकडं निघाल्या, बायांच्या पंगतीत पार मधोमध बसायला.